चाळीस किलो हायड्रोजन आणि अडतीस लाखांचा इसार

वाचकाचं पत्र:

"आमची शेतकरी उत्पादक कंपनी दर्यापूर तालुक्यात आहे. सभासद सहाशेच्या वर. डाळ मिल आहे, तूर-हरभऱ्याची खरेदी आहे, हंगामात कापसाची वाहतूकही करतो. कंपनीच्या मालकीच्या सहा पिकअप आणि दोन दहाचाकी ट्रक. पिकअप गावांतून मिलपर्यंत धावतात, दिवसाला ८० ते ११० किलोमीटर. ट्रक अकोला-नागपूरला जातात. डिझेलनं कंबरडं मोडलं आहे.

मागच्या महिन्यात एका सल्लागारानं संचालक मंडळापुढे 'ग्रीन हायड्रोजन हब'चा प्रस्ताव ठेवला. १०० किलोवॉट सोलर, १०० किलोवॉटचा इलेक्ट्रोलायझर, कॉम्प्रेसर, ३५० बारची साठवण, डिस्पेन्सर, आणि दोन पिकअपना फ्युएल सेल बसवून देणार. एकूण ३ कोटी ८० लाख. रोज ४० किलो हायड्रोजन निघेल, साठ टक्के सबसिडी मिळेल, कच्चा माल म्हणजे नुसतं बोअरचं पाणी, असं ते म्हणतात. महिनाअखेर दहा टक्के इसार मागितला आहे. आमचा एक तरुण संचालक इंजिनीअर आहे. तो म्हणतो, आत्ता नाही केलं तर विदर्भ पुन्हा मागं राहील. जुने संचालक म्हणतात, सगळं थोतांड आहे. मी मधात सापडलो.

शिवाय गावातला एक मेकॅनिक पंधरा हजारात ट्रॅक्टरला हायड्रोजन किट लावून देतो, तीस टक्के डिझेल वाचतं म्हणतो. सभासद त्याचंही विचारतात. पुढच्या महिन्यात आमसभा आहे. अध्यक्ष म्हणून मी काय करावं?"

— एक अध्यक्ष, दर्यापूर तालुका

अध्यक्षभाऊ, महिनाअखेरचा इसार देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

जुने संचालक म्हणतात तसं हे थोतांड नाही, आणि तरुण संचालक म्हणतो तशी ही शेवटची एसटीही नाही. फ्युएल सेल हे खरं यंत्र आहे. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा, मधे प्लॅटिनमचा लेप असलेला कागदासारखा पातळ पडदा. वीज मिळते, उष्णता निघते, नळीतून पाणी ठिबकतं. टाटा मोटर्सनं अशा बस २०२३ मध्ये इंडियन ऑइलला दिल्या, लेहमध्ये एनटीपीसीच्या बस आहेत. शेजारच्या छत्तीसगडात मे २०२५ मध्ये कोळसा वाहणारा ४० टनी ट्रकही रस्त्यावर आला. तेव्हा यंत्र खरं की खोटं यावर संचालक मंडळाचा वेळ घालवू नका. तुमच्या सहा पिकअपसाठी, तुमच्या पाण्यावर आणि सभासदांच्या भागभांडवलावर ते परवडतं का, एवढंच बघायचं आहे.

आधी ते ४० किलो बघू. एक किलो हायड्रोजन काढायला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र, ५० ते ५५ युनिट खातो. पुढे तो वाळवणं, शुद्ध करणं, यंत्र थंड ठेवणं आणि गॅस ३५० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीनशे पट, दाबणं, यात आणखी काही युनिट जातात. हिशोबाला ६० धरा. १०० किलोवॉट गुणिले २४ तास म्हणजे २,४०० युनिट. भागिले ६०, बरोबर ४० किलो. आकडा असा आला आहे. तो खोटा नाही आणि मेख तिथंच आहे, कारण त्यात यंत्र रात्रंदिवस पूर्ण भारावर चालतंय असं धरलं आहे. आपल्याकडे एक किलोवॉटचं पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं. म्हणजे १०० किलोवॉटचे ४०० युनिट आणि त्यातून साडेसहा किलो. उरलेला साडेतेहतीस किलो हायड्रोजन महावितरणच्या विजेवर निघणार.

आणि मग 'ग्रीन' शब्द पुसावा लागेल. देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. साठ युनिटांचा झाला ४२ किलो. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीन हायड्रोजनची व्याख्या केली, तिच्यात मर्यादा आहे एका किलोमागे २ किलो. फ्युएल सेलमधला एक किलो हायड्रोजन साधारण पाच लिटर डिझेलचं काम करतो, आणि पाच लिटर डिझेल जाळलं तर १३-१४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ग्रिडवर बनवलेला हायड्रोजन डिझेलच्या तिप्पट पडला. सबसिडी देणारं खातं हा हिशोब तपासतंच.

आता पैसा. ३ कोटी ८० लाख, दहा टक्के व्याज, पंधरा वर्षं: हप्ता वर्षाला ५० लाखांच्या घरात. नुसत्या सोलरवर चालवलं तर ३२० दिवसांत साधारण २,०८० किलो. किलोला भांडवलाचेच २,४०० रुपये. त्यात ऑपरेटरचा पगार, दुरुस्ती, विमा काही धरलं नाही. साठ टक्के सबसिडी खरोखर मिळाली तरी ९६० रुपये. उलट यंत्र ग्रिडवर चोवीस तास पळवलं तर भांडवलाचे ३९० रुपये, वर किलोमागे ग्रिडची ५० युनिट. औद्योगिक दर सगळे आकार धरून ९ रुपये समजा, म्हणजे ४५० रुपये. बेरीज ८४०. आणि यातून वाचणार काय, तर पाच लिटर डिझेल, म्हणजे साडेचारशे रुपये. कोणत्याही बाजूनं फिरवा, गाडं त्याच खड्ड्यात जातं. प्रस्तावातल्या किमतीत दोन गाड्याही आहेत, त्यांचा भाग वजा केला तरी निकाल फिरत नाही.

आणखी एक साधा प्रश्न मंडळात कुणी विचारला का: ४० किलो खाणार कोण? पिकअपला किलोमीटरला ०.३ युनिट धरलं, आणि फ्युएल सेलमधून किलोला १६ युनिट वीज मिळते असं धरलं, तर दिवसाला १०० किलोमीटर धावणारी गाडी दोन किलोत भागते. दोन गाड्यांचे चार किलो. बारा मीटरची शहर बस १०० किलोमीटरला आठेक किलो घेते, पण तशी बस तुमच्याकडे नाही. गिऱ्हाईक नसताना माल काढायचा, हे डाळ मिल चालवणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

तेच ४०० युनिट बॅटरीच्या पिकअपमध्ये भरले तर चार्जिंगची तूट जाऊन अकराशे-बाराशे किलोमीटर धाव मिळते. हायड्रोजनच्या वाटेनं साडेतीनशेच्या आत. फरक कुठं जातो? पाणी फोडताना तिसरा हिस्सा उष्णता होऊन जातो, दाबताना आणखी थोडा, आणि फ्युएल सेलमध्ये उरलेल्यातला अर्धा. हे निसर्गाचं गणित आहे, कंपनी बदलून त्यातलं थोडंच सुटतं. तुमच्या सहाही गाड्या मिळून दिवसाला ६६० किलोमीटर. त्यासाठी साठ किलोवॉट सोलर पुरतं.

बॅटरीलाही अडचण आहे, ती लपवू नये. सूर्य दिवसा आणि गाडीही दिवसा रस्त्यावर. पण तुमच्या पिकअप मिलच्या काट्यावर, बाजार समितीच्या रांगेत, हमालांची वाट बघत किती तास उभ्या असतात ते मोजा. तिथंच अर्धी चार्जिंग उरकते. उरलेलं रात्री ग्रिडच्या विजेवर.

पाण्याचं दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. पाणी फार लागतं हे खरं नाही. एका किलोला गणितानं ९ लिटर, व्यवहारात दहाएक लिटर शुद्ध पाणी. साडेसहा किलोला ६५-७० लिटर. पण "नुसतं बोअरचं पाणी" हे दर्यापुरात बसून म्हणणारा माणूस खारपाणपट्ट्यात उतरलेलाच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी किती खारं असतं ते तुमच्या पिकाला विचारा. पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरला पाणी जवळपास क्षारमुक्त लागतं, विद्युतवाहकता सेंटीमीटरला १ मायक्रोसीमेन्सच्या खाली. त्यासाठी आरओ आणि त्याच्या पुढे मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे. खाऱ्या पाण्यावर आरओमधून सगळं पाणी हाती लागत नाही, उरलेलं जास्त खारं होऊन बाहेर येतं. ते शेतात सोडलं की शेजारी पोलिसात. रेझिन संपल्यावर यंत्र ओरडत नाही. कॅल्शियम, सोडियम, लोह पडद्यात शिरून प्रोटॉनच्या जागा अडवतात, व्होल्टेज हळूहळू चढतं, युनिट जास्त जळतात आणि स्टॅक, म्हणजे पडद्यांची चळत, यंत्राचा गाभाच, कायमचा खराब होतो. वाहकतेचा मीटर सहा महिन्यांत तपासून न घेतल्यामुळे हे घडतं, आणि वॉरंटीत पाण्याची अट असल्यामुळे भरपाईही मिळत नाही.

विजेचंही तसंच. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर, म्हणजे अल्कलीच्या द्रावणावर चालणारा दुसरा प्रकार, क्षमतेच्या २०-३० टक्क्यांच्या खाली चालवला की हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन २ टक्क्यांवर गेला की यंत्र स्वतःला बंद करतं, कारण ४ टक्क्यांवर पेट घेण्याची हद्द सुरू होते. आषाढ-श्रावणात ढग आले-गेले की यंत्र बंद-चालू, आणि प्रत्येक मोठ्या बंदीनंतर नायट्रोजननं लाइन धुऊन काढायची. म्हणजे नायट्रोजनचे सिलिंडर अमरावतीहून आणायचे. प्रस्तावात नायट्रोजनचा खर्च आहे का बघा. बहुतेक नसेल.

गाडीकडे येऊ, कारण खरी झोंबाझोंबी तिथं आहे. डिझेल इंजिनचं पाणी ९० अंशांच्या वर तापतं आणि बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. फ्युएल सेल चालतो ६० ते ८० अंशांवर आणि त्याच्या नळीतून उष्णता फारशी जात नाही, जवळपास सगळी रेडिएटरवर येते. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असताना रेडिएटरला २५-३० अंशांचाच उतार मिळतो. डिझेलच्या पिकअपमध्ये त्याच जागी बसणारा रेडिएटर पुरत नाही. मग कंट्रोलर शक्ती कमी करतो, आणि भरलेली गाडी चढावर रांगायला लागते. लेहमध्ये चाललं म्हणून अकोल्याच्या उन्हात चालेल असं नाही. तिथली अडचण विरळ हवा, इथली उष्णता. शिवाय आपला उन्हाळा कोरडा. पडद्याला ओल लागते, ती आत येणाऱ्या हवेला ह्युमिडिफायरमधून द्यावी लागते. ह्युमिडिफायर लहान निघाला की पडदा सुकतो, चिरतो.

धूळ साध्या फिल्टरनं अडते. गंधक आणि अमोनिया अडत नाहीत, त्यांना सक्रिय कोळशाचा रासायनिक फिल्टर लागतो. युरियाच्या गोदामात, गोठ्याशेजारी गाडी चालू ठेवून उभी करणं हे डिझेलला चालतं, फ्युएल सेलला नाही. आणि ड्रायव्हर? रेडिएटर कमी दिसला की हापशावरून बादली आणून ओततो. फ्युएल सेलच्या कूलंटमधून वीज वाहता कामा नये, कारण ते शेकडो व्होल्टच्या स्टॅकमधून फिरतं. गाडीत त्यासाठी वेगळं आयन शोषणारं कार्ट्रिज असतं. एक बादली खारं पाणी, आणि इन्सुलेशन फॉल्ट दाखवून गाडी तिथंच उभी. असा बिघाड आसेगावच्या फाट्यावर झाला तर तो काढणारा माणूस कुठून येणार, हे आधी विचारायचं.

लहान फेऱ्यांचंही वावडं आहे. स्टॅक बंद असताना आत हवा शिरते. सुरू करताना हायड्रोजन तिला ढकलत जातो, आणि त्या काही क्षणांत दुसऱ्या बाजूचा कार्बन गंजतो. दिवसातून वीस वेळा बंद-चालू होणारी गाव-ते-मिल पिकअप हे फ्युएल सेलला सगळ्यात वाईट काम. सगळ्यात चांगलं काम म्हणजे ठरलेला लांब पल्ला, जड माल, एकाच डेपोत परत येणं. छत्तीसगडातला ट्रक खाणीतून वीज केंद्रापर्यंत ठरलेल्या वाटेनं, २०० किलोमीटरच्या पल्ल्यात धावतो, ते उगीच नाही. विदर्भात ही जागा वणी-चंद्रपूरच्या कोळशाला आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरच्या मालट्रकना आहे. तुमच्या सहा पिकअपना नाही.

सुरक्षेबद्दल घाबरवून सोडायचं नाही, पण हयगयही नको. हायड्रोजनला वास नाही, ज्योत दिवसा दिसत नाही, हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेटतो, आणि ठिणगी नगण्य पुरते. स्वयंपाकाच्या गॅसला देतात तसा वास देता येत नाही, कारण तो गंधक स्टॅकला मारतो. सुदैवानं तो हवेपेक्षा चौदापट हलका आहे, उघड्यावर वर निघून जातो. म्हणून छप्पर बंद नको, वरचा कोपरा उघडा हवा. नॉर्वेत सांडविकाजवळच्या पंपावर जून २०१९ मध्ये स्फोट झाला. चौकशीत निघालं काय, तर साठवण टाकीच्या प्लगचे बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळले नव्हते. आपल्याकडे बोल्टच्या जोडीला काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा. तिच्यावर नुसता काँक्रीटचा चौथरा ओतून कॉम्प्रेसर ठेवला तर दोन हंगामात चौथरा हलतो, आणि ३५० बारच्या नळीचे सांधे ताणले जातात. माती काढून मुरूम भरून, थर ठोकून पाया करावा लागतो. अर्थिंगचंही तेच: मेमध्ये माती सुकली की अर्थिंगचा रोध चढतो, खड्ड्यात पाणी घालून तो मोजत राहावं लागतं.

दाबातल्या गॅसची साठवण आणि डिस्पेन्सरची परवानगी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, देते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तरुण संचालकाला एक दिवस तिथं पाठवा. परवाना कुणाच्या नावावर लागेल, मोकळी जागा किती सोडावी लागेल, हे तो प्रत्यक्ष विचारून येऊ दे. सल्लागाराच्या स्लाइडपेक्षा तो कागद कामाचा. पिकअपना फ्युएल सेल बसवायचा असेल तर एआयएस-१५७ या मानकाखाली त्या गाडीची मंजुरी हवी. नसेल तर आरटीओ नोंद करणार नाही, आणि विमा कंपनी अपघाताच्या दिवशी हात वर करेल.

सबसिडी. राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. त्यातून वाहतुकीसाठी मार्च २०२५ मध्ये पाच प्रकल्पांना मंजुरी मिळाली: ३७ गाड्या, ९ पंप, सुमारे २०८ कोटींचं साहाय्य. भागाकार करा, पंपांसकट एका गाडीमागे साडेपाच कोटींच्या वर. मोठ्या तेल, वीज आणि वाहन कंपन्यांना दहा ठरावीक मार्गांवर. महाराष्ट्रातला मार्ग पुणे-मुंबई. या मार्गांतला एकही विदर्भातून जात नाही. राज्याचंही धोरण २०२३ चं आहे, पण धोरण असणं आणि तुमच्या नावानं मंजुरीपत्र असणं यांत तितकंच अंतर आहे जितकं बाजारात तुरी असण्यात आणि खात्यात पैसे येण्यात. साठ टक्के म्हणणाऱ्याकडून योजनेचं नाव, शासन निर्णयाची प्रत आणि अर्जदार म्हणून शेतकरी कंपनी पात्र आहे हे वाक्य, तिन्ही लेखी मागा.

आता मूळ प्रश्न, अध्यक्ष म्हणून काय करावं. या धंद्यात मोठ्या मोठ्यांनी काय केलं ते बघितलं तर वाट दिसते.

अमेरिकेतल्या निकोला कंपनीनं २०१८ मध्ये आपला ट्रक धावतानाचा व्हिडिओ दाखवला. दोन वर्षांनी मान्य करावं लागलं की ट्रक स्वतःच्या जोरावर नव्हे, उतारावरून घरंगळत होता. संस्थापकाला २०२२ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं (पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी) आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून प्रात्यक्षिक पाहायचं तर सव्वा टन तुरीची पोती भरून, मे महिन्यात, दुपारी दोनला, चढावर.

फ्रान्समधल्या माँपेलिए शहरानं ५१ हायड्रोजन बस घ्यायचं ठरवलं होतं. इंधनाचा हिशोब मांडला तेव्हा किलोमीटरला ०.९५ युरो आले, बॅटरी बसचे ०.१५. जानेवारी २०२२ मध्ये महापौरांनी बेत रद्द केला. अनुदानाचं काय, लोक काय म्हणतील, हे प्रश्न तिथंही होतेच. इसार देण्याआधी रद्द करणं स्वस्त पडतं, एवढं त्यातून घ्या.

तिसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं, आणि ते सगळ्यात शिकण्यासारखं. ह्युंदाईनं २०२० पासून तिथं फ्युएल सेलचे जड ट्रक दिले, पण विकले नाहीत. वाहतूकदार किलोमीटरप्रमाणे भाडं देतो, त्यात गाडी, हायड्रोजन, दुरुस्ती, विमा सगळं आलं. स्टॅक गेला तर भुर्दंड बनवणाऱ्याला. नवं यंत्र लवकर वापरायचं असेल तर ते असं. पहिला वापर तुमचा, पहिला धोका त्याचा. तुमचा सल्लागार नेमकं उलटं मागतो आहे.

म्हणून त्याला नकाराचं पत्र पाठवू नका, प्रश्नांचं पाठवा. मीटरवरून गेलेल्या एकूण युनिटांमागे डिस्पेन्सरच्या नोझलपाशी किती किलो, बाहेर ४५ अंश असताना, आणि कमी भरले तर दंड किती. आमच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल सोबत जोडला आहे, त्यावर शुद्धीकरणाची रचना आणि सोडून द्यायच्या खाऱ्या पाण्याची सोय. गॅसची शुद्धता ९९.९७ टक्के, कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागांच्या आत, गंधक अब्जात ४ भागांच्या आत, हे कोणती प्रयोगशाळा तपासणार आणि किती दिवसांनी. साधा औद्योगिक सिलिंडरचा हायड्रोजन इथं चालत नाही. स्टॅकची हमी वर्षांत नको, तासांत हवी. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की बदलून द्यायचा. बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार आणि तो राहतो कुठं. शेवटी: किलोमीटरच्या भाड्यावर द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला हो आलं तर पुढची बैठक ठेवा. नाही आलं तर त्याचाच त्याच्या यंत्रावर विश्वास किती ते कळलं.

तरुण संचालकाला मात्र "बघू पुढं" म्हणून बसवू नका. असा माणूस पुण्याला निघून जातो. त्याला तीन जणांची समिती द्या आणि छोटं अंदाजपत्रक. पहिलं काम नोंदवही. आठही गाड्यांची, साठ दिवस, त्यात कापसाचा हंगाम यायलाच हवा: फेरी कुठून कुठं, किलोमीटर, जातानाचं आणि येतानाचं वजन (काट्याची पावती असतेच), इंजिन चालू ठेवून उभं राहिल्याची मिनिटं, लिटर. ही वही नसताना कोणतंही नवं इंधन निवडणं म्हणजे डोळे मिटून बी पेरणं. दुसरं काम, एक बॅटरी पिकअप हंगामापुरती भाड्यानं. लोह-फॉस्फेट बॅटरीची घ्या, उष्णता जास्त सोसते. तरी दुपारची भरलेली फेरी करून आल्याबरोबर तिला वेगवान चार्जर लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. भार क्षमता कागदावरची धरू नका, तुमच्या पोत्यांनी मोजा. चार्जरला स्वतंत्र लाइन, गळती झाल्यास तोडणारा ब्रेकर आणि वर सांगितलेलं अर्थिंग. ट्रक आत्ता डिझेलवरच राहू द्या. टायरमधली हवा, वजन आणि परतीचा माल यातच त्यांची पहिली बचत आहे.

तिसरं काम कमाईचं. हायड्रोजन बनवण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूची कामं खेड्यात आधी येतील. आयटीआय झालेल्या चार पोरांना उच्च व्होल्टेजच्या गाड्या हाताळणं, सीएनजी सिलिंडरची तपासणी, गॅस गळती शोधणं हे शिकवून आणा. यातलं प्रत्येक कसब आज बॅटरी आणि सीएनजीत विकलं जातं, उद्या समृद्धीवर हायड्रोजनचा पंप आला तर तिथंही. पऱ्हाटीचंही, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांचंही, तसंच: तिच्यापासून हायड्रोजन काढता येतो, पण त्यातलं डांबर काढून गॅस स्टॅकच्या शुद्धतेला आणणं हे छोट्या प्रकल्पाचं काम नव्हे. पऱ्हाटीच्या कांड्या करून विकणं हे आहे.

ट्रॅक्टरच्या किटचं लवकर उरकतं. अल्टरनेटरमधून १२ व्होल्ट, २० अँपियर काढले तर २४० वॉट. त्यातून चांगल्यात चांगल्या यंत्रानंही तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघेल, त्यातली ऊर्जा ०.१५ युनिट. तासाला पाच लिटर जाळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये त्याच तासात ५० युनिटांचं डिझेल जातं. म्हणजे भर पडली ०.३ टक्के, आणि ते २४० वॉट काढायला इंजिननं एक युनिटाहून जास्त डिझेल आधीच जाळलेलं. तीस टक्के कुठून येणार? किट लावताना मेकॅनिक एअर फिल्टर झटकतो, नोझल साफ करतो, त्यानं जे वाचतं ते किटच्या नावावर जमा होतं. सभासदांना सांगा, फिल्टर आणि नोझल दोनच करा, पंधरा हजार वाचवा. आणि हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्र तयार करणारी ती डबी बोनेटखाली ठेवणं धोक्याचंही आहे.

आमसभेत ठराव तीन ओळींचा ठेवा: प्रस्ताव नामंजूर नाही, लेखी उत्तरं येईपर्यंत स्थगित, कोणतीही आगाऊ रक्कम नाही, साठ दिवसांची नोंदवही आणि बॅटरी पिकअपची चाचणी मंजूर. ४० किलोचा हिशोब फळ्यावर तरुण संचालकालाच मांडू द्या. त्याला पाच मिनिटं लागतील, आणि १०० गुणिले २४ लिहिताना तो स्वतःच थांबेल.